दुभाषी

अहिवाऱ्यात आमचे घर वसले ते नंदिनीच्या चुनखडीमुळे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातून खाणीवर आलेले वडील इथलेच झाले. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत मी वाढलो.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या संगणकाचा पडदा काळा पडला. पंखा फिरत होता, दिवा लागत होता. दिसत मात्र काहीच नव्हते. आदल्या रात्री यंत्राने स्वतःला अद्ययावत करून घेतले होते. ग्राफिक्स कार्ड जळाले, असा निवाडा मी देऊन टाकला. निवाडा देण्याची सवय जुनी आहे.

शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आला. पडद्याची तार कार्डाच्याच खाचेत आहे ना, हे त्याने प्रथम पाहिले. मग वीज बंद करून कार्ड बाहेर काढले, त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसल्या आणि ते पुन्हा घट्ट बसवले. पडदा काळाच राहिला. तेव्हा त्याने यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू केले आणि अक्षरे उमटली. मोठी, भरड, कडा विरलेली. कार्ड जिवंत होते.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी, असे मला त्याच्या बोलण्यावरून उमगले. संगणकाची सर्वसाधारण आज्ञा तो त्या विशिष्ट कार्डाच्या भाषेत सांगतो. योग्य दुभाषी नसेल तर यंत्र एका सामान्य दुभाष्यावर काम भागवते. तो बहुतेक कार्डांवर चालतो. पण कुठल्याच कार्डाचे खरे सामर्थ्य त्याला ठाऊक नसते. मुलाने बिघडलेला ड्रायव्हर समूळ काढला, कार्डाचे नेमके नाव वाचून त्याच्याच निर्मात्याचा ड्रायव्हर बसवला आणि यंत्र पुन्हा सुरू केले. जोडाक्षरांची वळणे लखलखीत झाली.

मला 'जिस्ट' कार्ड आठवले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले. त्या काळच्या डॉस संगणकात ते कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. तोवर ते यंत्र आपल्या लिपीपुढे मुके होते. दोष लिपीचा नव्हता.

ही आठवण मला भलतीकडे घेऊन गेली. तीस वर्षांपूर्वी याच भागातील एका तरुण कवीचा पहिला संग्रह माझ्याकडे परीक्षणासाठी आला होता. भाषा सैल, प्रतिमा धूसर, असे मी लिहिले. मराठवाड्याच्या, कोकणच्या, मुंबईच्या कवितेला लावलेली तीच मापे मी त्यालाही लावली होती. त्याचा दुसरा संग्रह कधी माझ्या पाहण्यात आला नाही.

त्या संध्याकाळी तो संग्रह फळीवरून काढला. या वेळी विद्यापीठाचा कान बाजूला ठेवून अंगणातल्या कानाने वाचला. जी ओळ मला व्याकरणात लंगडी वाटली होती, तिचा ताल छत्तीसगढी होता. क्रियापद जागचे हलले होते ते त्या तालासाठी. हे मला कुणी समजावून देण्याची गरज नव्हती. ती बोली माझ्या बालपणाची होती. मी तिला अभ्यासिकेच्या बाहेर उभे केले होते.

प्रकाशकाच्या जुन्या पत्त्यावर मी कवीला पत्र पाठवले. खुलासा केला नाही. त्याची एक ओळ उतरवून काढली आणि खाली लिहिले, ही मला आज वाचता आली.