तिसऱ्या लाइनचा माणूस

टॅनर जेनोसाठी टॅम्पा बे लाइटनिंगने मोजलेली किंमत वाचली तेव्हा माझ्या भाच्याला वाटलं, दोन वेगळ्या सौद्यांच्या बातम्या चुकून एकत्र छापल्या गेल्या असाव्यात. तारीख २६ फेब्रुवारी २०२३. नॅशव्हिल प्रेडेटर्सला कॅल फूट हा तरुण बचावपटू दिला होता आणि त्याच्यासोबत ड्राफ्टमधल्या पाच निवडी, म्हणजे नवी तरुण मुलं उचलण्याचे पाच हक्क: २०२५ची पहिल्या फेरीची, २०२४ची दुसऱ्या फेरीची, आणि २०२३च्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या फेरीच्या. बदल्यात आला एकच फॉरवर्ड, आणि त्याने त्या मोसमात नॅशव्हिलसाठी ५६ सामन्यांत ५ गोल केले होते. "मामा, हे खरं आहे?" भाच्याने विचारलं. खरं होतं. टॅम्पात त्या आठवड्यात किराणा दुकानाच्या रांगेपासून ऑफिसच्या जेवणाच्या टेबलापर्यंत दुसरा विषय नव्हता, आणि आमच्या घरात तर तो अजून संपलेला नाही.

ज्यांनी आइस हॉकी पाहिलेली नाही त्यांना थोडं सांगायला हवं. गोलकीपर सोडला तर एका संघाचे पाच जण बर्फावर असतात, तीन फॉरवर्ड आणि दोन बचावपटू. पाऊण मिनिट जीव तोडून स्केटिंग केलं की पाय जड होतात, म्हणून फॉरवर्डच्या तीन-तीनच्या चार तुकड्या आळीपाळीने उतरतात. त्यांना लाइन म्हणतात. पहिल्या दोन लाइनमध्ये नाववाली मंडळी. आमच्याकडे निकिता कुचेरोव्ह, ब्रेडन पॉइंट, आणि २०२४पर्यंत कप्तान स्टीव्हन स्टॅमकोस. तिसऱ्या-चौथ्या लाइनचं काम निराळं. कोपऱ्यात शिरून भिंतीशी अडकलेली चकती उकरून काढायची. समोरच्या बचावपटूवर असं धावून जायचं की त्याने घाईत चुकीचा पास द्यावा. आपला एक जण पेनल्टी भोगत बाहेर बसला असेल तेव्हा चौघांनी पाच जणांना थोपवायचं, सुसाट आलेल्या फटक्याच्या वाटेत स्वतःची नडगी आडवी घालायची. यातलं फारच थोडं गुणफलकावर उमटतं. म्हणूनच अशा खेळाडूची किंमत ठरवायला बसलं की वाद होतो. कुचेरोव्हबद्दल कोण वाद घालणार? त्याचे आकडेच बोलतात. तिसऱ्या लाइनच्या माणसाची बाजू मात्र कुणीतरी मांडावी लागते, आणि ती मी मांडत आलो आहे.

त्याला कारण २०१९चा एप्रिल. त्या मोसमात लाइटनिंगने ८२ सामन्यांतले ६२ जिंकून लीगच्या विक्रमाची बरोबरी केली होती. शहराने लीगचं विजेतेपद, म्हणजे कप, जवळजवळ गृहीत धरलं होतं. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत, कसाबसा आत आलेल्या कोलंबसने आम्हाला सलग चार सामने हरवून घरी पाठवलं. त्या चार रात्रींत गोल करणारे सगळे आमच्याकडे होते. नव्हते ते अंगावर येणाऱ्या संघाला तितक्याच हट्टाने अंगावर घेणारे.

पुढच्या फेब्रुवारीत महाव्यवस्थापक जूलियन ब्रिझब्वा यांनी आठवड्याभराच्या अंतराने दोन सौदे केले. न्यू जर्सीकडून ब्लेक कोलमन आणला आणि त्याच्यासाठी पहिल्या फेरीची एक निवड नि नोलन फूट हा होतकरू मुलगा दिला. सॅन होजेकडून बार्कली गुड्रो आणला. त्याच्यासाठी आणखी एक पहिल्या फेरीची निवड गेली. (नोलन हा कॅलचा धाकटा भाऊ. दोघांना पहिल्या फेरीत टॅम्पानेच निवडलं होतं आणि दोघेही तिसऱ्या लाइनच्या माणसांसाठी गेले.) तेव्हाही लोक हळहळले. गुड्रोसारख्याला पहिल्या फेरीची निवड? पण या दोघांचे पगार लहान होते, कोलमनचा अठरा लाख डॉलर आणि गुड्रोचा सव्वानऊ लाख, आणि दोघांचेही करार पुढच्या मोसमापर्यंत होते. खेळाडूंच्या एकूण पगारावर कडक मर्यादा असलेल्या लीगमध्ये मोठ्या मंडळींचे पगार भरून झाल्यावर उरलेल्या पैशांत बसणारे आणि दोन प्लेऑफ पुरणारे असे दोन जण मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांना आधीपासून संघात असलेल्या यानी गूर्डच्या दोन बाजूंना उभं केलं गेलं, आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. प्रशिक्षक जॉन कूपर अनेक सामन्यांची सुरुवातच या तिघांनी करू लागले. २०२०चा कप एडमंटनच्या रिकाम्या प्रेक्षागारात, महामारीच्या बंदोबस्तात जिंकला. कप्तान स्टॅमकोस त्या संपूर्ण प्लेऑफमध्ये जेमतेम पावणेतीन मिनिटं खेळू शकला, त्यात त्याने एक गोल केला, आणि तरीही संघ खचला नाही, कारण ओझं खालच्या लाइनपर्यंत वाटलेलं होतं. २०२१ला आयलँडर्सविरुद्ध उपांत्य फेरीचा सातवा सामना १–० असा सुटला. तो एकमेव गोल गूर्डचा, आणि तोसुद्धा आमचा एक माणूस पेनल्टीत बसलेला असताना. बदली म्हणून बाकावरून उतरला आणि थेट गोलासमोर पोचला. मग माँट्रियलविरुद्धच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना. दुसरा कालखंड संपायला एक-दोन सेकंद उरली आहेत, गुड्रो चकती घेऊन पुढे निसटतो, आडवा पास देतो, आणि कोलमन मागून येत अक्षरशः हवेत झेपावून, पडता पडता, एका हाताने ती आत ढकलतो. टॅम्पातल्या कुणालाही विचारा, त्या वेळी तो कुठे बसला होता हे तो सांगेल.

मी कबड्डी बघत वाढलो. चढाई करणाऱ्याचं नाव गावभर होई. साखळीत मधे उभा राहून चढाईपटूला कोपऱ्याकडे रेटणाऱ्या गड्याचं नाव फक्त संघातल्यांना ठाऊक असे. पकड झाली की टाळ्या पाय धरणाऱ्याला. मला मात्र लहानपणापासून त्या मधल्या गड्याकडे बघायची सवय लागली, आणि हॉकीत माझी नजर आपोआप तिसऱ्या लाइनवर जाते.

भाच्याची नजर वेगळी. तो आकडेमोडीतला माणूस आहे आणि त्याचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. तो म्हणतो, "मामा, कोलमन-गुड्रोनंतर कप आला म्हणून तुम्ही सौदा चांगला म्हणता. गोलकीपर वासिलेव्हस्की नसता तर? त्या एका उडीवर सौदा चांगला-वाईट ठरतो का?" त्याच्या मते सौद्याचं मोल तो झाला त्या दिवशीच्या माहितीवर करावं. ड्राफ्टमधली निवड म्हणजे अठरा वर्षांच्या मुलांमधून आपला नंबर आल्यावर एक जण उचलण्याचा हक्क. चांगल्या संघाचा नंबर शेवटी येतो, त्यातून मोठा खेळाडू मिळण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही. आणि सगळे हक्क वाटून टाकले की पाच-सात वर्षांनी म्हातारा संघ हाती राहतो. हे त्याचं बरोबर आहे. लाइटनिंगने पहिल्या फेरीच्या निवडी इतक्या वर्षं दिल्या की त्यांची तरुण फळी विरळ झाली आहे, हे डोळ्यांना दिसतं.

पण निवडींचा हिशेब मांडताना एक गोष्ट मला नेहमी अडवते. ज्यांच्यासाठी या निवडी मोजल्या जातात ती माणसं बघा. गुड्रोला ड्राफ्टमध्ये कुणीही निवडलं नव्हतं. गूर्डलाही नाही. जेनोलाही नाही, सॅस्कॅचेवानमधल्या ऑक्सबो नावाच्या छोट्या गावचा तो मुलगा सगळ्या फेऱ्या संपल्या तरी बाहेरच राहिला होता, आणि पुढे त्याच्यासाठी पाच निवडी मोजल्या गेल्या. २००४मध्ये टॅम्पाने पहिला कप जिंकला तेव्हा सातव्या सामन्यात कॅल्गरीविरुद्धचे दोन्ही गोल रुस्लान फेडोटेन्कोचे होते. कीव्हचा हा मुलगाही ड्राफ्टबाहेरचा. त्याला २००२मध्ये फिलाडेल्फियाकडून आणताना टॅम्पाने चौथ्या क्रमांकाची निवड दिली होती. त्यासोबत दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी परत मिळाल्या होत्या हे खरं, तरी चौथा क्रमांक म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा आधारस्तंभ उचलायची जागा. आणि २०२२ला टोरंटोच्या घरी सातवा सामना २–१ जिंकताना दोन्ही गोल निक पॉलचे, तोही जेमतेम दोन महिन्यांपूर्वी ऑटवाहून आणलेला. अठराव्या वर्षी ज्यांच्यात कुणाला फारसं काही दिसलं नाही, ते पंचविशीनंतर निर्णायक सामने जिंकून देतात. मग त्या अठराव्या वर्षाच्या हक्काला आपण इतकं पवित्र का मानतो?

आणि तरीही जेनोसाठी दिलेली किंमत मला पटत नाही. भाच्याला नवल वाटतं. त्याचा समज असा की मी तिसऱ्या लाइनच्या कुठल्याही माणसाची वकिली करणार.

जेनोने २०२१–२२च्या मोसमात २४ गोल केले होते, पण जवळपास दर पाच-सहा फटक्यांमागे एक गोल पडत होता, आणि तसं वर्षानुवर्षं कुणाचंच पडत नाही. पुढच्या मोसमात ते थांबलंच. ब्रिझब्वा यांनी आपली बाजू उघडपणे मांडली होती: भविष्यातली निवड आजच्या संघाला कप देत नाही, आणि हा संघ अजून कपाच्या टप्प्यात आहे. यात मला खोट दिसत नाही. वर्षभर आधी याच विचाराने त्यांनी शिकागोच्या ब्रँडन हेगलसाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी दिल्या; तेव्हाही आरडाओरड झाली आणि २०२४–२५च्या मोसमात हेगलने ९० गुण मिळवल्यावर ती आठवतही नाही. विचार योग्य होता. पण २०२०ला कोलमन नि गुड्रो आले ते गूर्डच्या शेजारच्या रिकाम्या जागांवर, आणि त्या तिघांच्या पायांचा वेग, हट्ट, चकती कुठे सुटणार याचा अंदाज एकमेकांत बसला. २०२१च्या उन्हाळ्यात पगारमर्यादेपायी ते तिघेही गेले: गूर्ड सिॲटलला, कोलमन कॅल्गरीला, गुड्रो न्यूयॉर्कला. त्यानंतर क्लब त्या लाइनचा शोध घेत राहिला. जेनोत अंगावर जाण्याची तयारी होती, मारामारीची हिंमत होती, पगार आठ लाख होता. वर्णन जुळत होतं. पण वर्णन जुळलं म्हणून शेजार जुळत नाही. तो कुणाच्या शेजारी खेळणार, याचं उत्तर सौद्याच्या दिवशी तरी मला कुठे दिसलं नाही, आणि पुढच्या दीड वर्षात बर्फावरही दिसलं नाही.

प्लेऑफच्या तोंडावर त्याला दुखापत झाली. टोरंटोविरुद्ध तो तीन सामने खेळला आणि आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. पुढच्या मोसमात ५५ सामन्यांत ७ गोल. जून २०२४मध्ये त्याला लॉस एंजेलिसला पाठवलं, बदल्यात एक दुसऱ्या आणि एक चौथ्या फेरीची निवड आली.

त्या दीड वर्षात प्रेक्षागारात मला जे ऐकावं लागलं त्याचा राग अजून गेलेला नाही. त्याचा पास चुकला की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "पाच निवडी!" तो नीट अंगावर गेला, चकती काढून दिली, तरी कुणी टाळी वाजवायचं नाही, कारण पाच निवडींच्या माणसाने गोल करायला हवा. ती किंमत त्याने मागितली नव्हती. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. करारात तशी अट नसेल तर या लीगमध्ये खेळाडूला सांगण्यात येतं आणि तो बॅग भरतो. सौद्यावर हवं तितकं भांडावं, ब्रिझब्वांना जाब विचारावा, तो आपला हक्क आहे. पण आकडा बर्फावरच्या माणसाच्या पाठीवर चिकटवून त्याला रोज वाचून दाखवणं मला असह्य होतं, आणि तसं मी त्या रांगेत मागे वळून सांगितलंही.

मार्च २०२५मध्ये क्लबने सिॲटलकडून गूर्डला परत आणलं, सोबत ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रँडला. इतर गोष्टींबरोबर २०२६ आणि २०२७च्या पहिल्या फेरीच्या दोन्ही निवडी गेल्या. भाच्याने कपाळाला हात लावला. "तेहेतीस वर्षांचा माणूस, मामा." मी म्हटलं, मीही दिल्या असत्या. इथे काय घेतो आहोत हे माहीत होतं: कूपरना त्याची सवय, त्याला कूपरची, आणि पॉइंट-कुचेरोव्हला दम घेता यावा म्हणून दुसऱ्या कुणीतरी समोरच्या मोठ्या लाइनशी झुंजायचं काम त्याने इथेच दोन वर्षं केलेलं. त्या वसंतात शेजारच्या फ्लोरिडा संघाने आम्हाला पुन्हा पाच सामन्यांत हरवलं. ब्योर्कस्ट्रँड तर दुखापतीमुळे प्लेऑफ खेळलाच नाही. भाचा ते आकडे पुढे करतो. उन्हाळ्यात गूर्डने वर्षाला सुमारे तेवीस लाखांवर सहा वर्षांचा करार केला तेव्हा तो म्हणाला, शेवटची दोन वर्षं जड जातील. जातीलही. त्या दोन निवडींवर जी मुलं येतील ती आज कुठल्यातरी गावात शाळेआधीच्या सरावाला जात असतील, त्यांचं भलं होवो. पण सातव्या सामन्यात आमचा एक जण पेनल्टीत बसलेला असेल, तेव्हा बाकावरून उडी मारून बर्फावर जायला मला गूर्डच हवा आहे.