पुढच्या वेळी बघू

परवा आंबेनळी घाट चढताना आमच्या जुन्या गाडीचा काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटमधून वाफ! नातू रेडिएटरचं झाकण उघडायला धावला, तेव्हा मी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो. आतलं पाणी उकळतं आणि दाबाखाली. अंगावरच उसळलं असतं.

इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे नेणाऱ्या नळीचा प्लॅस्टिकचा जोड तुटला होता. वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेला. पोलादपूरच्या मेकॅनिकने नवा जोड बसवला, कूलंट भरून आतली हवा काढली.

मागच्या सर्व्हिसिंगलाच तिथला ओघळ मला दाखवला होता. ‘पुढच्या वेळी बघू’, म्हणालो होतो. ‘आजचा अभ्यास आजच’ असं पोरांना जन्मभर बजावणारा मी!

आमची ही शांतपणे म्हणाली, "माझ्या गुडघ्याबद्दलही तुम्ही हेच म्हणता."

सोमवारी डॉक्टरांकडे जातोय.