धुराचा रंग ओळखा!

नांदेडहून किनवटकडे निघालात, की सहस्रकुंडच्या अलीकडे इस्लापूर लागतं. पैनगंगेचा धबधबा, पलीकडे विदर्भ, हे सगळे बघतात. मी रमले ती इथल्या एका गॅरेजमध्ये! समोर थकलेली डिझेल पिकअप. कापसाचा हंगाम तोंडावर आणि मालकाला एकच धास्ती: इंजिन खोलावं लागणार का? घर याच गाडीवर चालतं.

मिस्त्रीने पान्याला हातही लावला नाही. ‘‘ताई, गाडी बोलायली, ऐका की!’’

धूर काळा? हवा कमी पडतेय, आधी एअर फिल्टर बघा. निळा? इंजिन ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा आणि रेडिएटरचं पाणी घटतंय? हेड गॅस्केटवर संशय घ्या. रेस वाढते, वेग वाढत नाही? क्लच प्लेट झिजली असणार.

इथे धूर काळा होता. फिल्टर काढला, तर धुळीने गच्च! नवा बसवला, चढावर फेरी मारली. धूर गेला, ओढ परतली. इंजिन खोलण्याचा खर्च टळला, हंगामही वाचला.

आपण मात्र गाडी कुरकुरली की थेट सर्व्हिस सेंटर गाठतो. त्याआधी दोन मिनिटं धूर बघा, आवाज ऐका. नेमकी तक्रार सांगता आली, तर बिलही नेमकंच येतं. फक्त गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका हं!