शिडांच्या जहाजावरील विद्यार्थी

विद्यार्थ्याचा समुद्राशीं संबंध भूगोलाच्या नकाशापुरताच असावा, असें पुष्कळ पालकांस वाटतें. मुंबईकरांनीं तरी तसें मानूं नये. १९२७ सालापासून १९७२ पर्यंत माझगांवासमोर ‘डफरिन’ नांवाचें जहाज नांगरलेलें असे व तेंच एक विद्यालय होतें. व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांच्या जागा हिंदी तरुणांस मिळाव्या म्हणून तें निघालें. त्याच्या पहिल्याच तुकडींतील रामदास कटारी हे १९५८ सालीं नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. परंतु डफरिन एका जागीं उभें असे. चालत्या जहाजावरील विद्यार्थिजीवन निराळें. त्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

गोव्यांत बांधलेलें ‘तरंगिणी’ हें जहाज १९९७ सालीं नौदलांत दाखल झालें. लांबी ५४ मीटर, डोलकाठ्या तीन व शिडें वीस. २००३-०४ सालीं त्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौदलांतील होतकरू अधिकारी त्यावर शिकावयास जातात. यंत्रें व उपग्रह असतां शिडांचा खटाटोप कशाला, असें सुज्ञ वाचक विचारतीलच. यंत्राच्या जहाजावर वाऱ्याची बातमी आंकड्यांनीं कळते. येथें ती हातांतल्या दोराला कळते, एवढेंच आमचें उत्तर.

आमच्या शाळेंतून गेलेला एक विद्यार्थी या जहाजावर होता. तो नौदलांत जाण्यापूर्वीं त्याची आई आम्हांकडे आली. “सर, एकुलता एक आहे. समुद्राला देऊं का?” असें तिनें विचारलें. तिला धीर यावा म्हणून आम्ही खोटें बोललों नाहीं. उंच डोलकाठीवर चढावें लागेल, जहाज हेलकावत असतां चढावें लागेल, हें सांगितलें. चढणाराच्या कमरेस पट्टा असतो, हेंहि सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग “पोहायला येतं त्याला,” असें स्वतःशींच म्हणून उठली.

रजेवर आल्यावर त्याच्याकडून आम्हीं सर्व हकीकत काढून घेतली. पहिले कांहीं दिवस अन्न पोटांत ठरेना. पण उलटी होते म्हणून पहारा चुकत नाहीं. बादली शेजारीं ठेवावी व दोर ओढावा. पहाऱ्याचें गणित आमच्या विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. चोवीस तासांचे चार-चार तासांचे पहारे सहा होतात, व तुकड्या तीन असल्या तर मध्यरात्रीचा पहारा नित्य एकाच तुकडीच्या वांट्यास येतो. म्हणून जुन्या नावाड्यांनीं सायंकाळचे चार ते आठ हा पहारा तोडून त्याचे दोन-दोन तासांचे दोन केले. पहारे सात झाले, आणि रोज क्रम एकानें सरकूं लागला. इतका साधा न्याय आम्हीं क्वचितच पाहिला आहे!

त्रिकोणमितीचा त्यास शाळेंत भारी कंटाळा. तेथें भर दुपारीं सूर्याची उंची कोनमापकानें मोजून आपलें जहाज कोणत्या अक्षांशावर आहे, हें काढावें लागे. उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसे.

पण आमच्या मनांत राहिली ती दुसरीच गोष्ट. मोठें शीड एकट्यानें आवरत नाहीं. एका दोरावर आठ-दहा हात असतात. एकदां त्यानें क्षणभर पकड ढिली केली. दोर सरकला, आणि सोलले ते पुढच्या मुलाचे तळवे. तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. रात्रीं यानें त्याच्या जेवणाचें ताट धुतलें. आमच्या वर्गांत चुकणाराच्याच वहींत तांबडी शाई उमटते, शेजाऱ्याच्या हाताला कांहीं लागत नाहीं. म्हणूनच कीं काय, आम्हांला तोच धडा वर्षानुवर्षें शिकवावा लागतो.

त्या रजेंत त्याच्या आईची आमच्याजवळ एकच तक्रार होती. शाळेंत असतां सात वाजतां हलवून उठवावा लागणारा हा मुलगा आतां पहाटे चारला आपण होऊन उठतो, अंगणांत जाऊन आभाळाकडे पाहत उभा राहतो, आणि मग तिचीहि झोंप होत नाहीं. “मग तुम्ही काय करतां?” आम्हीं विचारलें. “काय करणार? चहा ठेवते,” ती म्हणाली.