सरकारं बदलली, विहीर बदलली का?



अकोल्यातल्या एका विहारात रविवारच्या वर्गात आम्ही फळ्यावर प्रश्न लिहिला : सरकार म्हणजे काय? पोरांनी भराभर उत्तरं दिली. मंत्री, कलेक्टर, पोलीस, तलाठी. मागे बसलेली एक आजी म्हणाली, "सरकारं लय आली पोट्टेहो, पण आमच्या आज्याले इहिरीवर कोणं चढू देल्लं?"

वर्ग गप्प झाला. आम्हीही.

वऱ्हाड निजामाचं होतं. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी त्याने ते कंपनीच्या हवाली केलं. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं. अमरावती-अकोल्याच्या रयतेला कुणी विचारलं नाही. ज्या सरकारला रयतेची संमती लागत नाही, त्याचा धनी देशी असो की गोरा, ती मालकीच असते.

पण आजी बोलत होती ते आणखी एका सरकारबद्दल. जात हेही सरकारच होतं. तिचे कायदे होते, शिक्षा होती, निवडणूक मात्र कधीच नव्हती. १९२७ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली, ती अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी. ते आव्हान याच सरकारला होतं. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. खुर्चीवर कोण बसतो याने फरक पडतो तो असा.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन पद्धतींची तुलना केली. अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, इंग्लंडच्या संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब रोज सभागृहात होतो आणि ठरावीक मुदतीने मतदार घेतो. म्हणजे लोकशाहीत सरकारची ओळख एकच : त्याला जाब विचारता येतो.

मग आम्ही विचारतो का?

आमच्याच गावची गोष्ट सांगतो. ग्रामसभेची नोटीस लागली तेव्हा आम्ही जयंतीच्या मिरवणुकीच्या तयारीत होतो. वस्तीतून कुणीच गेलं नाही. पाण्याच्या टाकीचा ठराव आमच्याविना झाला आणि टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. आम्ही फेसबुकवर सरकारला शिव्या घातल्या. पण त्या दिवशी सरकार ग्रामसभेत बसलं होतं आणि आमची जागा रिकामी होती. दोष त्यांचा आहेच. रिकाम्या जागेचा दोष मात्र आमचा.

आज्याला विहिरीवर चढायची बंदी होती. आम्हाला ग्रामसभेत बसायची बंदी नाही. पुढच्या नोटिशीची तारीख वहीत लिहा, वस्तीतल्या बाया-माणसांना घेऊन जा, ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात आला की नाही ते वाचून पाहा. आजीला उत्तर द्यायचं बाकी आहे.

जय भीम! जय संविधान!