बायपास झालंय, पण हृदयाचं नाही!

पोस्ट लांब आहे. पण आपल्या राळेगाव तालुक्यात ज्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, ज्यांना करायचंय किंवा ज्यांच्या घरात असं कोणी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

माझं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी नागपूरला एका खाजगी दवाखान्यात झालं. गॅस्ट्रिक बायपास. वजन ११८ किलो होतं आणि शुगर औषधांनाही ऐकत नव्हती. दीड वर्षात मी ७९ किलोवर आले, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. २०११ मध्ये नितीन गडकरींचं असं ऑपरेशन झाल्याची बातमी आली, तेव्हा मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. आपल्या विदर्भाचा एवढा मोठा माणूस करतो म्हटल्यावर मलाही धीर आला.

चूक माझीही झाली, ती आधी सांगते. पहिलं वर्ष तपासणीला नियमित गेले. नंतर मात्र टाळत गेले. एका तपासणीसाठी नागपूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यात कापूस वेचणीचे दिवस. विम्याने ऑपरेशनचे पैसे दिले, पण नंतरच्या रक्ततपासण्या आणि गोळ्या आपल्याच खिशातून. बरी तर आहे, असं म्हणून गोळ्याही सोडल्या.

तिसऱ्या वर्षी पायाला मुंग्या यायला लागल्या. केस मुठीने गळायचे, चार पायऱ्या चढले की धाप लागायची. एकदा चप्पल पायातून निघून गेली तरी मला कळलं नाही. शेजारची काकू म्हणे, "जेवतच नाही त असंच होईन ना वं." मलाही ते पटलं.

मग एका दवाखान्यात गेले. नाव घेत नाही, कारण हे कुठेही होऊ शकलं असतं. "माझं बायपास झालंय," एवढंच मी सांगितलं. त्यांनी लगेच ईसीजी काढला! ईसीजी चांगला आला. मग ताकदीचं सलाईन लावलं आणि गुडघा दुखतो म्हणून दुखण्याची सुई दिली.

त्या रात्री कपाटातली फाईल काढून मुलीकडून वाचून घेतली. शेवटच्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची औषधं टाळा, कारण जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी परत गेले. ही वेळ फाईल पुढे ठेवली आणि म्हटलं, "डॉक्टरसाहेब, बायपास पोटाचं झालंय. मला बी-१२ आणि फेरिटिन तपासायला लिहून द्या." साहेबांनी शांतपणे वाचलं आणि लगेच लिहून दिलं. हिमोग्लोबिन ८.१ निघालं, बी-१२ अगदी तळाला. इंजेक्शनं सुरू झाली. आता धाप लागत नाही, पण डाव्या पायाचा बधिरपणा पूर्ण गेलेला नाही. नस जास्त दिवस उपाशी राहिली की ती पूर्ण भरून येईलच असं नसतं.

असं का होतं? अन्नातलं बी-१२ शोषायला पोटात तयार होणारं आम्ल आणि एक खास प्रथिन लागतं. बायपासमध्ये अन्न पोटाच्या त्या मोठ्या भागात जातच नाही. लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषलं जातं, तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही वगळला जातो. स्लीव्हमध्ये आतडं तसंच राहतं, पण पोट कापलेलं असतं, म्हणून त्यांनाही हा धोका आहेच. कितीही चांगलं जेवलं तरी गोळ्या लागतात.

म्हणून ताई-भाऊ, एवढं करा:

– पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ऑपरेशनचा प्रकार, तारीख, कोणती औषधं चालत नाहीत. नुसतं "बायपास" म्हणू नका, "पोटाचं बायपास" म्हणा.

– पहिल्या वर्षी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर दरवर्षी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची नावं घेऊन मागा.

– लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको.

– जेवताना आधी वरण, अंडी, पनीर, भाकरी नंतर.

– उलट्या थांबत नसतील तर घरी वाट पाहू नका. बी-१ कमी होऊन मेंदूला इजा होऊ शकते.

– बीपी-शुगरच्या गोळ्या वजन उतरल्यावर कमी कराव्या लागू शकतात. ते डॉक्टरांना विचारूनच.

– कागद हरवले असतील तर मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. पण नोंदी तीन वर्षंच सांभाळायचं बंधन आहे, म्हणून उशीर करू नका.

आता आपल्या लोकप्रतिनिधींना आणि आरोग्य खात्याला एक मागणी. तीस वर्षांवरच्या लोकांची बीपी-शुगर सरकारी दवाखान्यात तपासली जाते, चांगली गोष्ट आहे. त्याच नोंदवहीत पोटाचं ऑपरेशन झालेल्यांचाही एक रकाना असू द्या. वर्षातून एकदा बी-१२ आणि लोहाची तपासणी तालुक्यातच होऊ द्या. मोठी मशीन नको, रक्ताचा नमुना जिल्ह्याला पाठवला तरी चालेल. ऑपरेशन नागपूर-मुंबईला होतं, पण त्यानंतरचं सगळं आयुष्य आम्ही इथेच काढतो.

आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायला लाजू नका. त्यांच्यापुढे दिवसाला शंभर पेशंट असतात, आपल्यापुढे आपलं एकच शरीर.

कोणाला माझ्यासारखी चिठ्ठी करायची असेल तर नमुना पाठवते. ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत पोस्ट पोहोचवा.