बोट पसंत आहे

मराठी मध्यमवर्गीय माणसाला पसंत-नापसंतीचं शिक्षण घरातच मिळतं. भेंडी टोक मोडून पाहावी, नारळ कानाशी हलवून पाहावा, हापूस देठापाशी हुंगावा आणि स्थळाची चौकशी स्थळाकडे न करता शेजाऱ्यांकडे करावी. एवढ्या शिदोरीवर आमच्या दोन पिढ्यांचे संसार निभावले. पण भर समुद्रात सात दिवस राहायची बोट कशी पसंत करावी, हे मला कुणी शिकवलं नाही. शिकवणार कसे? आम्ही अलिबागकडची माणसं. आमच्या घरात बोट म्हटलं की एकच, 'रामदास'. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर आमच्या आजीनं जन्मभर पाण्यावर पाऊल ठेवलं नाही. मुंबईला जायचं तर पनवेलवरून, मग कितीही वेळ लागो.

अशा घराण्यात ही सून म्हणून आली. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. ही मैत्रिणींबरोबर तारकर्लीला गेली आणि पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात उतरली. (सिलिंडर म्हटलं की मला अजून गॅसचाच आठवतो.) वर आली ती वेगळीच बाई. मग अंदमानात रीतसर कोर्स, त्याच्यावरचा आणखी एक कोर्स. आज एकसष्टाव्या वर्षी हिच्या वहीत चोपन्न डाइव्हची नोंद आहे. प्रत्येकीपुढं तारीख, खोली आणि मिनिटं, धोब्याच्या वहीसारखी. माझा पाण्याशी संबंध बादलीपुरता.

यंदा हिनं जाहीर केलं, "मालदीवला जायचं. लिव्हअबोर्डवर. बोट तुम्ही बघा."

"मी कशाला?"

"मी दिवसाचे तीन तास पाण्याखाली असणार. बोटीवर दिवसभर राहणार तुम्ही."

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं.

लिव्हअबोर्ड म्हणजे तरंगती धर्मशाळा. तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं, आणि उठलं की तिथूनच पाण्यात. काठावरच्या हॉटेलातून गेलं तर दिवसाला दोन डाइव्ह होतात. बोट मात्र तुम्हाला थेट प्रवाळापाशी नेऊन ठेवते, त्यामुळे तीन होतात, कधी रात्रीची धरून चार. मालदीव हा देशच मुळी पाण्यात सांडलेला. 'अटॉल' हा शब्दसुद्धा इंग्रजांनी तिथल्या धिवेही भाषेतून उचलला आहे. दोन बेटांमधल्या खिंडीला 'कंडू' म्हणतात. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून धावतं आणि शार्क तिच्या तोंडाशी चाळीतल्या नळावरच्या रांगेसारखे उभे असतात. ही शोभा पाहायला आमच्या घरातून माणूस जाणार होतं.

मी माहितीपत्रकं गोळा केली. पुण्याचा भाचा या विषयातला जाणकार. त्यानं संगणकावर बावीस बोटी उघडून दिल्या. सगळ्या बोटींच्या फोटोत एकच सूर्यास्त आणि, मला दाट संशय आहे, एकच व्हेल शार्क. लग्नाळू मुलांच्या फोटोत जशी मागं एकाच स्टुडिओतली कुंडी असते, तसा. बहुतेक बोटींच्या गच्चीवर जकुझी. चारी दिशांना हिंदी महासागर पसरलेला असताना माणसानं डॉलर मोजून पिंपात का बसावं, हे मला उमगलं नाही. १९५७ साली हान्स हास नावाचा ऑस्ट्रियन गृहस्थ 'झारिफा' या शिडाच्या जहाजातून याच भागात संशोधनाला निघाला होता. त्यानं बरोबर पिंप नेल्याचं ऐकिवात नाही.

"मामा, जकुझी सोड," भाचा म्हणाला. "धोणी बघ."

धोणी म्हणजे मोठ्या बोटीच्या मागून चालणारी लहान बोट. सिलिंडर, ते भरण्याचा धडधडणारा कॉम्प्रेसर आणि ओले कपडे, सगळं तिच्यावर. मालदीवची ही पद्धत मला फार आवडली. सगळा पसारा मागच्या बोटीत आणि पुढं स्वच्छ दिवाणखाना! कोकणातल्या घराला पडवी असते तशी.

मग खोलीचा प्रश्न. वरच्या मजल्यावर मोठी खिडकी, पण बोट डोलली की खोलीही जास्त डोलते. खालच्या मजल्यावर डोलणं कमी, खिडकी मात्र ताटलीएवढी. आणि मागच्या बाजूला घेतली तर इंजिन उशाशी. मुहूर्ताचंही तसंच. साधारण जानेवारी ते एप्रिल पाणी नितळ. जून ते नोव्हेंबर पाऊस, पण बा अटॉलमधल्या हनिफारूच्या खाडीत मांटा माशांची जत्रा भरते. तिथं सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, तोंडात नळी धरून वरवर पोहायचं. हे मला सोयीचं वाटलं. हिला ते पंगतीला जाऊन नुसतं ताक पिण्यासारखं वाटलं. मार्च ठरला.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त आठवत बसलं की त्रास होतो. 'सर्व समाविष्ट' या शब्दात ग्रीन टॅक्स (जानेवारी २०२५ पासून दुप्पट, माणशी दिवसाला १२ डॉलर), इंधनाचा अधिभार आणि नोकरमंडळींची बक्षिसी समाविष्ट नसते. लग्नाच्या हॉलच्या भाड्यात खुर्च्या धरलेल्या नसतात, तोच प्रकार.

बावीसमधून पाच स्थळं उरली. मग भाच्यानं मला 'कन्सेप्शन'ची हकीकत सांगितली. कॅलिफोर्नियातली बोट, २ सप्टेंबर २०१९ ची पहाट. खालच्या मजल्यावर तेहतीस पाहुणे आणि एक कर्मचारी झोपलेले. वर आग लागली. खालून बाहेर पडायला दोन वाटा होत्या, पण दोन्ही वर एकाच खोलीत निघत होत्या, आणि तीच खोली पेटलेली. चौतीसही गेले. रात्रभर फिरून पाहारा करणारा माणूस ठेवायचा नियम होता, तो कुणी ठेवलाच नव्हता. वर झोपलेले पाच कर्मचारी वाचले. त्यांतल्या कप्तानाला २०२४ साली चार वर्षांची शिक्षा झाली.

त्या रात्री मी माहितीपत्रकं पुन्हा पाहिली. जकुझीचे सहा कोनांतून फोटो. झोपायच्या खोलीतून निघायच्या दुसऱ्या वाटेचा एकही नाही.

सकाळी पाचही बोटींना एकच ई-मेल धाडला. प्रश्न दोन. एक, खालच्या खोल्यांतून निघायच्या दोन वाटा कुठं कुठं उघडतात? दोन, रात्री जागं कोण असतं?

"अहो, हे काय विचारता?" ही म्हणाली. "दर गाइडमागं डाइव्हर किती ते विचारा, धोणीवर ऑक्सिजन आहे का विचारा. काळजी करायची तर मी पाण्याखाली असेन तेव्हा करा."

"पाण्याखाली तू जागी असतेस," मी म्हणालो.

ही काही बोलली नाही. फक्त ई-मेलमध्ये आपले दोन प्रश्न खाली जोडून दिले.

पहिल्या बोटीनं कळवलं, आमचा आचारी इटालियन आहे. दुसरीनं लिहिलं, सुरक्षेची काळजी नसावी, सर. तिसरीनं दहा टक्के सवलत देऊ केली, म्हणजे दुसऱ्या वाटेऐवजी. चौथीचं उत्तर अजून यायचं आहे. पाचव्या बोटीच्या कप्तानानं मोडक्या इंग्रजीत बारा ओळी लिहिल्या होत्या. एक वाट जेवणघरात, दुसरी पुढच्या उघड्या डेकवर. सोबत त्या झाकणाचा फोटो, अंधारात, बॅटरीच्या उजेडात काढलेला. रात्री दहा ते दोन एक खलाशी, दोन ते सहा दुसरा. दर तासाला सगळ्या बोटीतून फेरी. रात्री जेवणघरात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करायला मनाई. चार डाइव्हरमागं एक गाइड. ऑक्सिजन धोणीवर, आणि एक बाटला मोठ्या बोटीवरही.

बोट दिसायला सामान्य. रंग पोपटी. जकुझी नाही. न्याहारीला मास हुनी, म्हणजे टूना, खोबरं, कांदा आणि मिरची कालवून रोटीबरोबर. हे ऐकून आमच्या आजीनंसुद्धा चौकशी पुढं चालवली असती.

मी उत्तर लिहिलं: बोट पसंत आहे. इंग्रजीत ते 'कन्फर्म्ड' असं झालं, त्याला इलाज नाही.

हिचं ई.सी.जी. झालं, डॉक्टरांचा दाखला आला. शेवटच्या डाइव्हनंतर चोवीस तास विमानात बसायचं नाही म्हणून परतीचं तिकीट एक दिवस पुढं ढकललं. पैसे भरायच्या आदल्या रात्री हिनं विचारलं, "तो दोन ते सहावाला खलाशी खरंच जागा राहील ना हो?"

"कुणी सांगावं?"

"नाही, मी म्हटलं, तुम्हालाही दोननंतर झोप नसतेच. थर्मास घेऊन त्याच्याजवळ बसत जा. त्यालाही चहा होईल."